मेडशीच्या तलावावरचं चिलट

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी चिलट पाहिलंय? ‘त्यात काय, रोज पाहतो!’ असं म्हणाल. संध्याकाळी सायकलवरून येताना डोळ्यात जातं ते. रात्री दिव्याभोवती घिरट्या घालून सकाळी खिडकीत मरून पडलेलं असतं ते. बरोबर. पण त्याचे पाय मोजता येतील इतक्या जवळून कधी पाहिलंय? मीही पाहिलं नव्हतं. मला ते दाखवलं माझ्या मामांनी, आणि गंमत म्हणजे खुद्द मामांना तेव्हा ते दिसत नव्हतं! हे कसं झालं, ते सांगतो. पण त्यासाठी तुम्हांला माझ्याबरोबर मेडशीला यावं लागेल.

चला तर. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा, शक्यतो खिडकीजवळ. पातूरपर्यंत रस्ता सपाट आहे. पातूरला डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, वेळ असेल तर उतरून जरूर पाहा. पातूर सोडलं की गाडी चढाला लागते. इंजिन घुरघुरतं, कान थोडे दडे बसल्यासारखे होतात आणि दोन्ही बाजूंना साग-पळसाचं जंगल दिसू लागतं. आपल्या वऱ्हाडचे पूर्वीपासून दोन भाग मानतात. घाटाखालचा सपाट मुलूख तो पयानघाट आणि घाटावरचा तो बालाघाट. म्हणजे तुम्ही आत्ता पयानघाटातून बालाघाटात आलात! घाट संपला की थोड्याच वेळात मेडशी येतं. तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम.

आता वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. त्यामुळे मामांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा अकोला’ आहे आणि त्यांच्या नातवाच्या दाखल्यावर ‘जिल्हा वाशीम’. गाव मात्र जागचं तसूभरही हललेलं नाही!

आम्ही गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही म्हणजे मी आणि माझी लेक. ती तेव्हा सातवीत होती. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर पिवळ्या फुलांवर आली होती आणि गावाजवळचा तलाव काठोकाठ भरला होता.

पहिल्याच संध्याकाळी मामांनी कपाटातून एक डबी काढली. खोकल्याच्या गोळ्यांची असते ना, तशी पत्र्याची चपटी डबी. आत कापूस होता आणि कापसावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी काळं.

“हे काय व्हय, सांग बरं,” मामा लेकीला म्हणाले.

तिनं डबी दिव्याजवळ नेली. “किडा आहे, मामाआजोबा. मेलेला.”

“मेलेला नाई पोरी. तो कधी जित्ता नव्हताच!”

तो किडा नव्हताच, मित्रांनो. तो होता एक इवलासा गळ, मासे धरायचा आकडा. त्यावर दोरा, तार आणि पिसाचा धागा गुंडाळून कोणीतरी हुबेहूब किडा तयार केला होता. अशा खोट्या किड्याला मासेमारीत ‘माशी’ म्हणतात. चिलटासारखी केली तर ती चिलट-माशी.

मामा फौजेत होते. १९८० च्या दशकात काही वर्षं त्यांची नेमणूक काश्मीरमध्ये होती. सुट्टीच्या दिवशी ते पहलगामजवळ लिद्दर नदीच्या काठी जाऊन बसत. तिथे एक म्हातारे काश्मिरी बाबा भेटले. ते ट्राउट मासे धरणाऱ्यांना माशा बांधून देत. मामांना त्यांनी ती विद्या शिकवली आणि निघताना ही एक माशी हातावर ठेवली.

ट्राउट म्हणजे थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला ठिपकेदार मासा. तो मूळचा आपल्याकडचा नाहीच. १८९९ साली विलायतेहून त्याची अंडी काश्मीरला पाठवली, ती वाटेतच खराब झाली. १९०० साली स्कॉटलंडहून पुन्हा पाठवली, ती मात्र जगली. आज लिद्दरमध्ये जे तपकिरी ट्राउट दिसतात, त्यांची काश्मीरमधली गोष्ट इथून सुरू होते. आपल्या वाशीम जिल्ह्यात हा मासा जगणार नाही. उन्हाळ्यात इथली हवा ४० अंशांच्या वर जाते आणि तलावाचं पाणी कोमट होतं. ट्राउटला तर २० अंशांच्या वरचं पाणीसुद्धा फारसं मानवत नाही.

“मग इथे ही माशी काय कामाची?” लेकीनं विचारलं.

मामा हसले. “ट्राउट नाई इथं. पन चिलट हाय ना! ते लिद्दरवर हाय अन् आपल्या मेडशीतबी हाय.”

हे अगदी खरं आहे बरं का. आपण कुठल्याही बारीक उडणाऱ्या किड्याला चिलट म्हणतो. पण पाण्याकाठी ढग करून नाचणारी जी चिलटं असतात, त्यांतली बरीचशी एकाच कुळातली. शास्त्रज्ञ त्याला ‘कायरोनोमिडी’ म्हणतात. हे कुळ जगभर पसरलेलं आहे. अगदी अंटार्क्टिकावरही त्यातला एक किडा राहतो. १९८४ साली एका जपानी शास्त्रज्ञानं नेपाळच्या हिमनदीवर उणे १६ अंशांतही चालणारं चिलट सापडल्याचं जाहीर केलं. मग मेडशी काय लांब आहे?

लेक म्हणाली, “मामाआजोबा, मला शिकवा ना बांधायला.”

मामा एकदम गप्प झाले. मग त्यांनी डबी माझ्या हातात दिली. मी पाहिलं, तर गळ गंजून गेला होता. बोट लावलं असतं तर तुटला असता.

“दुसरी बांधून ठेवाचं म्हनत होतो. ऱ्हायलंच,” ते म्हणाले. “आता मले दिसत नाई.”

मामांना काचबिंदू झाला होता. मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली की बहुतेकांना पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी औषधानं सांभाळायची. बऱ्याचदा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला फार उशिरा कळतं. (चाळिशी उलटलेले आई-बाबा हे वाचत असतील, तर त्यांनी एकदा डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा.) मामांना माणूस दिसे, झाड दिसे, दार दिसे. पण सुईत दोरा ओवणं केव्हाच सुटलं होतं. त्यांच्या दोन्ही मुलांना या माशीत कधी रस वाटला नाही. म्हणजे त्या काश्मिरी बाबांची विद्या आता फक्त मामांच्या डोक्यात होती, आणि त्यांच्या डोळ्यांना ती कागदावरही उतरवता येत नव्हती.

“तुमी सांगा, मी बांधते,” लेक म्हणाली. दोन दिवसांत तिला वऱ्हाडी बोलणं जमायला लागलं होतं!

“आंधी चिलट पाहून ये,” मामा म्हणाले. “पाह्यल्याबिगर बांधाचं नाई.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं तलावावर गेलो. सोबत एक पांढरी बशी, एक काचेची बरणी आणि शाळेच्या कंपासपेटीतलं भिंग. सूर्य टेकत आला होता. काठावरच्या एका बाभळीच्या शेंड्यावर चिलटांचा धुरासारखा खांब उभा होता. तो वर जाई, खाली येई, पण बाभूळ सोडीना. हा नाच नरांचा असतो. झुडूप, खांब, कधीकधी तर आपलं डोकंसुद्धा खूण म्हणून धरून ते तिथे जमतात आणि मादीची वाट पाहतात.

लेक दोन पावलं मागे सरली. “डास चावतील!”

“डास नाई ते. नीट पाह्य अन् मले सांग.”

आणि मग सुरू झाली परीक्षा! मामा दगडावर बसून प्रश्न विचारत होते आणि लेक भिंगातून पाहून उत्तरं देत होती.

“तोंडाले लांब सोंड हाय काय?”

“नाही. सोंड दिसतच नाही.”

“बसलं तं कोनते पाय वर करते?”

“थांबा… पुढचे दोन! हवेत धरलेत.”

“मंग डास नोहे ते. घरातला डास बसते तं मागचे पाय वर करते.”

तुम्हीही ही खूण लक्षात ठेवा. या चिलटाला डासासारखी रक्त प्यायची सोंडच नसते. मोठं झाल्यावर ते जेमतेम काही दिवस जगतं आणि जवळजवळ काहीच खात नाही. नराच्या मिशा भिंगातून पाहा, पिसाच्या कुंच्यासारख्या दिसतात.

मग मामांनी तिला काठाचा ओंजळभर गाळ बशीत घ्यायला सांगितला. गाळ पाण्यानं हळूहळू धुतला, तर तळाशी लालभडक धाग्याचे तुकडे वळवळू लागले. या चिलटाच्या अळ्या! त्यांचा रंग लाल का, माहीत आहे? आपल्या रक्तात असतं तेच हिमोग्लोबिन यांच्याही अंगात असतं. चिखलात प्राणवायू फार कमी. हिमोग्लोबिनमुळे मिळेल तेवढा प्राणवायू त्यांना धरून ठेवता येतो. चिखलात बारीक नळीसारखं घर करून त्या सडक्या पानांचे कण खातात. म्हणजे तलावाचा केरच खातात म्हणा ना!

अळीचा पुढे कोष होतो. हा कोष एके दिवशी चिखल सोडून वर पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो आणि तिथे लोंबकळतो. मग त्याची पाठ उकलते, आतून चिलट बाहेर पडतं आणि उडून जातं. हे घडायला थोडाच वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात त्याला पळताही येत नाही आणि लपताही येत नाही. मासे याच क्षणाची वाट पाहत असतात.

लेकीला बरणीत असा एक कोष मिळाला. “अंग बारीक, काळपट. त्यावर आडव्या रेघा. डोक्याकडे फुगलेलं. आणि डोक्यावर पांढरा झुपका आहे, मामाआजोबा! म्हातारीच्या केसांसारखा.”

मामांनी डोळे मिटले होते. “तो झुपका त्याच्या श्वासाचा,” ते हळूच म्हणाले. “तेच बांधाचं हाय आपल्याले. बारीक अंग, रेघा, फुगलेली छाती अन् पांढरा झुपका. बाबांनी मले असंच इचारलं होतं.”

घरी आल्यावर सामान जमवलं. दुकानातली मोठी अवजारं आपल्याकडे कुठली! पण फौजी माणूस अडत नाही. चिमटा म्हणून घरातली पक्कड घेतली आणि तिच्या मुठीला रबरबँड गुंडाळला. झाली पकड घट्ट! अंगासाठी आईच्या शिलाईच्या डब्यातला काळा दोरा. रेघांसाठी बिघडलेल्या खेळण्याच्या मोटारीतली केसासारखी तांब्याची तार. झुपक्यासाठी पांढऱ्या लोकरीचा तुकडा. आणि छातीसाठी मोराच्या पिसाचा एक धागा. ते पीस देवघरात होतं, मामींना तुरीच्या शेतात सापडलेलं. पावसाळा सरता सरता मोराची पिसं आपोआप गळतात. असं गळलेलंच पीस घ्यायचं. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारणं मोठा गुन्हा आहे. जगात कुठेही माशा बांधणाऱ्यांच्या डब्यात मोरपिसाचा धागा हमखास असतो. तो ओला झाला तरी किड्याच्या अंगासारखा चमकतो ना, म्हणून!

आता कृती पाहा. गळ अगदी लहान, १८ ते २४ नंबरचा लागतो. इथे नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. मामांकडे जुन्या पाकिटात वीस नंबरचे चार गळ शिल्लक होते. लेकीनं हात लावण्याआधी मामांनी माझ्याकडून चारही गळांची टोकं कापून घेतली. का, ते पुढे सांगतो.

पहिल्यांदा गळ पकडीत धरायचा. डोळ्याजवळून म्हणजे भोकाजवळून दोरा गुंडाळत वाकाकडे जायचं. जाताना तारेचं एक टोक दोऱ्याखाली दाबून टाकायचं. मग दोरा पुन्हा डोळ्याकडे आणायचा, पण एकावर एक वेढे द्यायचे नाहीत, शेजारी शेजारी द्यायचे. त्यावरून तार अंतर ठेवून पाच-सहा वेळा फिरवायची. या झाल्या रेघा. मग डोळ्यामागे लोकरीचा झुपका बांधायचा. त्याच्यामागे मोरपिसाचा धागा दोन-तीन वेढे. शेवटी गाठ. ती कशी मारायची? रिकाम्या बॉलपेनच्या निमुळत्या टोकावर दोऱ्याचा फास घ्यायचा, टोक गळाच्या डोळ्यावर टेकवायचं आणि फास सरकवून ओढायचा. अशा तीन गाठी. वर नेलपॉलिशचा थेंब. झाली माशी!

लिहायला सोपं वाटतं, नाही? लेकीनं पहिली माशी करायला पाऊण तास लावला. मामांनी ती चिमटीत धरली आणि खालच्या ओठावरून हळूच फिरवली. बोटांपेक्षा ओठाला बारीक गोष्ट जास्त कळते म्हणे.

“हे चिलट नाई वं, भोपळा हाय!”

लेकीचं तोंड एवढंसं झालं. दोरा फार झाला होता. दुसऱ्या माशीत दोरा बेताचा होता, पण गाठ मारताना तो तुटला आणि सगळं सुटलं. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला नाही येत. तुम्हीच बांधा!” असं ती रागाच्या भरात बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली.

मामा रागावले नाहीत. “मी बांधली असती पोरी,” एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी चाचपडत रीळ शोधलं आणि तिच्या हातात दिलं. “बाबांनी माह्या सात माशा फेकल्या होत्या. तुह्या आता दोनच झाल्या.”

तिसरी माशी रात्री नऊ वाजता झाली. मामांनी ओठावरून फिरवली. एकदा, दोनदा. मग काही न बोलता डबीतल्या कापसावर ठेवली.

आता सकाळची गोष्ट. तलावातले मासे कोणाचे, माहीत आहे? ‘सगळ्यांचे’ असं म्हणून चालत नाही. तलावांचा मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला दिलेला असतो. ती माणसं माशांचं बीज पाण्यात सोडतात, वर्षभर राखण करतात, त्यावर त्यांची घरं चालतात. म्हणून मामांनी आदल्या दिवशीच राखणदाराला विचारून ठेवलं होतं आणि म्हणूनच गळाची टोकं कापली होती.

“मासा त्याहिचा. आपल्याले फक्त इचाराचं हाय, हे चिलट वाटते का नाई म्हनून.”

बांबूची काठी, तिला तंगूस आणि तंगुसाच्या टोकाला माशी. तंगुसाला मेण चोळलं म्हणजे तो तरंगतो. शेवटचा वीतभर मात्र कोरडा ठेवला, म्हणजे माशी पृष्ठभागाच्या किंचित खाली लोंबेल, अगदी त्या कोषासारखी. लेकीनं काठी पुढे केली. माशी पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही वाट पाहत राहिलो. एक बगळा समोर उतरला, उडून गेला. काहीच होईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

“काठी हालवून राह्यली काय तू?” मामांनी विचारलं.

“थोडीशी.”

“नोको हालवू. कोष पळते काय?”

तिनं काठी स्थिर धरली. श्वाससुद्धा रोखला असावा. आणि ‘टुब्’! पाण्यावर एक लहानसं वर्तुळ उमटलं. तंगूस थरथरला आणि सैल पडला. बोटाएवढा चंदेरी मासा होता. त्यानं माशी तोंडात घेतली आणि खोटी आहे असं कळताच थुंकून टाकली.

मी लेकीकडे पाहिलं, पण तिच्याआधी मामाच उठून उभे राहिले होते. त्यांना ते वर्तुळ दिसणं शक्यच नव्हतं. “घेतली! घेतली ना वं?”

“घेतली, मामाआजोबा! आणि थुंकली!”

“थुंकनारच! पन घेतली तं खरी!” आणि मामा इतके हसले की त्यांना पुन्हा खाली बसावं लागलं.

मित्रांनो, माशाला फसवायची ही युक्ती फार जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि पिसं गळावर बांधून मासे धरतात, असं ईलियन नावाच्या लेखकानं सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भागच आहे. कोणता मासा, त्याला कोणतं आमिष, दोरी कशी हवी, हे सगळं त्या राजानं लिहून ठेवलं! पण मामांचे ते काश्मिरी बाबा काही ग्रंथ लिहिणारे नव्हते. त्यांची विद्या एका हातातून दुसऱ्या हातातच जायची. एक हात थांबला तर ती तिथेच संपायची.

तुम्हांला अशी माशी करायची असेल तर जरूर करा. आई-बाबांना जवळ बसवा, गळाचं टोक मोठ्या माणसाकडून आधी कापून घ्या आणि पाण्याच्या काठी एकटे जाऊ नका. गळ नसला तरी काही बिघडत नाही, साधी तार वाकवून करा. पण मामांची अट विसरायची नाही. आधी चिलट पाहायचं, मग बांधायचं.

आम्ही निघालो त्या दिवशी मामांनी ती पत्र्याची डबी लेकीच्या दप्तरात टाकली. आत दोन माशा होत्या, एक गंजलेली आणि एक नवी. त्यांनी बदल्यात मागितलं एवढंच, की आठवड्यातून एकदा फोन करायचा आणि काय पाहिलं ते सांगायचं. मागच्या रविवारी तिनं सांगितलं, “मामाआजोबा, आमच्या बाथरूमच्या खिडकीत एक चिलट बसलंय!”

पलीकडून लगेच प्रश्न आला, “कोनते पाय वर हायेत?”